ऊब कायद्याची, सावली नशिबाची

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात साखरा हे गाव आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, दख्खनच्या पठारावर, काळ्या जमिनीचा हा मुलूख. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा आणि जिथे विहिरीला पाणी आहे तिथे हळद, असा इथला पीकपाण्याचा साधारण हिशेब. उन्हाळा फाल्गुनाच्या अखेरीस डोकावतो, चैत्रात जम बसवतो आणि वैशाखात पारा 42 ते 44 अंशांवर नेऊन ठेवतो. मग मृग लागेपर्यंत सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. साखऱ्याची कचेरीची आणि मोठ्या दवाखान्याची कामे हिंगोलीत. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आणि त्याचे हे गाव उन्हाळ्यात सारखेच तापतात.

उत्तर अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी शिकागो वसले आहे. तिथे जानेवारीत दुपारचे सरासरी तापमान शून्याच्या आसपास आणि पहाटेचे उणे 7 अंशांच्या घरात असते. थंडीची लाट आली की पारा उणे 25 च्याही खाली जातो. 20 जानेवारी 1985 रोजी तिथे उणे 33 अंशांची नोंद झाली, तो शहराचा आजवरचा नीचांक. या शहरात मराठी माणसांचीही जुनी वस्ती आहे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 मध्ये स्थापन झाले आणि त्याचे 2011 चे अधिवेशन शिकागोतच भरले.

एक गाव उन्हाने पोळणारे, दुसरे शहर थंडीने गोठणारे. घर, अंग, धंदा, रस्ता आणि कायदा या पाच ठिकाणी दोन्हीकडचे जगणे तपासले, तर हवामानाइतकाच माणसांनी केलेल्या व्यवस्थेचा फरक दिसतो.

डोंगर आडवा असणे आणि नसणे

हिंगोली उत्तर अक्षांश 20 च्या किंचित खाली आहे, शिकागो 42 च्या किंचित खाली. डिसेंबरच्या अखेरीस शिकागोत दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, जूनमध्ये पंधरा तासांचा. हिंगोलीत हा फरक अकरा ते सव्वातेरा तासांपुरताच राहतो. म्हणजे शिकागोच्या माणसाला हिवाळ्यात थंडीबरोबर अंधारही सोसावा लागतो. चाकरमानी उजाडण्याच्या सुमारास घराबाहेर पडतो आणि घरी परततो तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते.

मात्र सगळा फरक अक्षांशाचा नाही. मध्य आशियातून येणारी गोठवणारी हवा हिमालय अडवतो, म्हणून मराठवाड्यात थंडी पडते ती पाहुण्यासारखी. उत्तर अमेरिकेत पूर्व-पश्चिम पसरलेली अशी भिंतच नाही. कॅनडाच्या उत्तरेकडची हवा सपाट मैदानावरून विनाअडथळा खाली उतरते आणि एका रात्रीत पारा वीस अंशांनी घसरू शकतो. उन्हाळ्यात त्याच मैदानावरून मेक्सिकोच्या आखाताकडची दमट गरम हवा वर चढते. त्यामुळे शिकागोत उकाडाही पडतो आणि 13 जुलै 1995 रोजी तिथला पारा 41 अंशांवर गेला होता. मराठवाड्याचा उन्हाळा यापेक्षा वेगळा, कोरडा. काळी जमीन ऊन पिते, जमिनीत ओल नसते, हवेत बाष्प नसते. त्यामुळे दुपार तापते, पण पहाटे अंगण गार पडते.

हिंगोलीला थंडी अगदीच नवी नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. शेतीपंपाला वीज रात्रपाळीने मिळते तेव्हा गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी कानटोपी आणि घोंगडी घेऊन बांधावर जातो. शिकागोकरांना ती थंडी किरकोळ वाटेल. पण थंडी घालवण्याचे साधन शेकोटीच असले, तर 7 अंशही पुरेसे असतात.

भिंत कशासाठी

मराठवाड्याचे जुने घर धाब्याचे. दगड-मातीची दोन-तीन फूट जाडीची भिंत, वर लाकडी सर, त्यावर किलच्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. खिडक्या थोड्या आणि लहान, उजेडासाठी छताला साने. या बांधणीत उष्णता अडवण्यापेक्षा तिला उशीर लावण्याची युक्ती आहे. दुपारचे ऊन भिंतीतून आत झिरपेपर्यंत रात्र होते आणि तोवर घरातली माणसे माळवदावर किंवा अंगणात बाज टाकून झोपलेली असतात. दुपारी घर वापरायचे, रात्री त्याला मोकळे सोडायचे, असा हा बेत.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने या बेताची दुसरी बाजू दाखवली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे याच जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गाडली गेली. त्यानंतर मराठवाड्याने धाब्याच्या घराचा धसका घेतला. हिंगोलीच्या मनातही ती भीती आहे. 21 मार्च 2024 रोजी 4.5 तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा जिल्ह्यातली माणसे घराबाहेर धावली. आता गावोगाव दिसतात ती घरे सिमेंटच्या स्लॅबची किंवा पत्र्याची. भूकंपात ही हलकी, चांगली बांधलेली घरे माणूस वाचवतात. उन्हात मात्र पत्रा सकाळी दहालाच तापतो आणि स्लॅब दिवसभर साठवलेली धग रात्री झोपणाऱ्याच्या अंगावर सोडतो. ती कमी करायला माणसे पत्र्यावर तुरीच्या काड्या, कडबा किंवा पाचट टाकतात, स्लॅबवर चुना मारतात, नाहीतर सरळ कूलर आणतात. वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या जाळीतून पाणी झिरपवणारा कूलर कोरड्या हवेत झकास चालतो. मृगाचे ढग आले की तोच कूलर घर दमट करून सोडतो.

शिकागोचे घर उलट्या हिशेबाने बांधतात. तिथे हवेची फट हा शत्रू. विटांच्या भिंतीच्या आत काचतंतूंचा थर, खिडकीला दुहेरी काच, दाराला रबरी पट्टी. जमीन गोठली की फुगते आणि पाया उचलते, म्हणून पाया निदान 42 इंच खोल घ्यावा लागतो. पाण्याचे नळ त्याहून खाली. तळघरात भट्टी असते आणि तिची ऊब नळ्यांतून किंवा हवेच्या मार्गाने घरभर फिरते. हे घर आतली हवा मुठीत धरून ठेवते. हिवाळ्यात हा गुण, आणि वीज गेलेल्या उन्हाळी दुपारी हाच दोष.

अंग काय म्हणते

माणसाचे शरीर 37 अंशांच्या आसपास टिकवावे लागते आणि उन्हात त्याचे मुख्य हत्यार घाम. घाम वाळला तरच अंग गार होते. कोरड्या हवेत तो चटकन वाळतो, म्हणून हिंगोलीत 42 अंशांतही सावलीतला माणूस तग धरतो, अट एकच, पाणी आणि मीठ पोटात जात राहिले पाहिजे. दमट हवेत घाम वाळतच नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या जमावापैकी 14 जणांचा उष्माघाताने जीव गेला. तिथला पारा मराठवाड्याच्या वैशाखापेक्षा कमीच होता.

उन्हाच्या प्रदेशाने यावर पिढ्यान्‌पिढ्या तोडगे काढले आहेत. कामाचा दिवस दोन तुकड्यांत मोडतो. शेतकरी तांबडे फुटताच रानात जातो, अकराच्या सुमारास परततो आणि चारनंतर पुन्हा निघतो. मधल्या वेळात गल्लीत चिटपाखरू नसते. डोक्याला रुमाल किंवा उपरणे, जवळ कांदा, घरात ज्वारीच्या पिठाची आंबील, ताक, कैरीचे पन्हे, कोपऱ्यात ओल्या फडक्याने गुंडाळलेला माठ. ऊन लागलेल्या माणसाला सावलीत आडवे करून ओल्या कापडाने पुसायचे, हे गावात कोणालाही माहीत असते. पण ही सगळी शहाणीव ज्याला दुपारी घरी बसता येते त्याच्या कामाची. वीटभट्टीवरचा, रस्त्याच्या डांबरावरचा किंवा हळदीच्या कढईपाशी उभा राहणारा मजूर दुपार टाळू शकत नाही.

थंडीत धोका उलटा. शरीर हृदय आणि मेंदू जपते आणि बोटे, नाक, कान यांच्याकडचे रक्त आवरते. वारा असला की उघड्या कातडीची ऊब भराभर जाते, म्हणून तिथल्या हवामान खात्याला पाऱ्याबरोबर वाऱ्यासहची बोचरी थंडीही सांगावी लागते. ती उणे 28 च्या खाली गेली की उघडे कातडे अर्ध्या तासात गोठू शकते. 30 जानेवारी 2019 रोजी शिकागोत पारा उणे 30 होता आणि वारा धरून थंडी उणे 46 च्या आसपास. शाळा बंद राहिल्या आणि टपाल खात्यानेही त्या दिवशी पत्रे वाटली नाहीत. अशा दिवशी कपड्यांचे गणित थरांचे असते: अंगालगत घाम शोषणारा, मधला लोकरीचा, वरचा वारा अडवणारा. उन्हात कपडा सैल आणि एकच पुरतो. थंडीत तीन कपडे लागतात आणि तिन्ही विकत घ्यावे लागतात.

मराठी माणसाला या थंडीची पहिली मोठी ओळख झाली ती विद्यार्थ्यांमुळे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या. तिथली थंडी आणि अनोळखी आहार त्यांच्या आधीच नाजूक प्रकृतीला झेपला नाही. क्षयाने त्यांना गाठले आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचा अंत झाला. आज जाणाऱ्या मराठी कुटुंबाला गरम घर, गरम गाडी आणि गरम वर्ग मिळतो. त्याला सोसावे लागते ते मुख्यतः एकटेपण. साखऱ्यात उन्हाळ्याची संध्याकाळ ओट्यावर जाते. शिकागोत हिवाळ्याचे चार महिने शेजारी शेजाऱ्याला गाडीच्या काचेतून दिसतो. म्हणून तिथे मंडळाला किंमत. संक्रांत ऐन गोठणकाळात येते. सभागृहाच्या दाराशी बर्फाळ बुटांचे ढीग पडतात आणि आत काठापदराच्या साड्यांत हळदीकुंकू चालते.

उन्हाची कमाई, बर्फाची कमाई

हवामान फक्त त्रास देत नाही, पोटही भरते. हिंगोली जिल्हा हळदीचा. 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकन आहे आणि हिंगोली, वसमतच्या बाजारांत हळदीची मोठी उलाढाल होते. हे पीक विकण्याजोगे होते ते उन्हाच्या जिवावर. पाला वाळला की कंद खणून काढतात, जेठे गड्डे वेगळे करतात, कंद कढईत किंवा बॉयलरच्या वाफेवर शिजवतात आणि मग मोकळ्या जागेत पसरून पंधरवडाभर वाळवतात. दिवसा पसरायचे, रात्री गोळा करून झाकायचे. हळकुंड वाळले की मोडताना कट्‌कन आवाज येतो. मग ते ढोलात घालून पॉलिश होते. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला तर रंग जातो आणि भाव पडतो. गाव ज्या उन्हाला शिव्या घालते, त्याच उन्हावर कुरड्या, पापड, सांडगे आणि मिरच्यांचे वर्षभराचे वाळवणही होते.

थंड प्रदेशाने थंडी तशीच विकली. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुश्शात बांधून, 1833 मध्ये जहाजाने कलकत्त्याला पाठवला. वाटेत बराचसा वितळला, तरी धंदा जमला. मुंबई आणि मद्रासलाही बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी खास कोठारे उभी राहिली. मद्रासचे 'आइस हाऊस' आजही उभे आहे. शिकागोच्या 1893 च्या धर्मपरिषदेनंतर मायदेशी परतलेले स्वामी विवेकानंद फेब्रुवारी 1897 मध्ये त्याच इमारतीत राहिले होते. खुद्द शिकागोची भरभराटही बर्फाला बांधलेली. गोठलेल्या तळ्यांतला बर्फ आगगाडीच्या डब्यांत भरून तिथल्या कत्तलखान्यांचे मांस 1880 च्या दशकात पूर्व किनाऱ्यापर्यंत ताजे पोहोचू लागले.

रस्ता, रूळ आणि मतपेटी

बर्फ रस्त्यावर पडला की गावगाडा थांबतो, आणि तो कुणा एकाने आपल्यापुरता हटवून भागत नाही. म्हणून शिकागोत बर्फ काढणे हे महापालिकेचे पहिल्या क्रमांकाचे काम आहे. मिठाचे डोंगर हिवाळ्याआधीच साठवलेले असतात आणि हिम पडू लागताच फाळ लावलेले ट्रक ठरलेल्या मार्गांवर निघतात. उपनगरी रेल्वेच्या सांध्यांपाशी गॅसच्या ज्वाला पेटवतात, नाहीतर पॉइंट गोठून गाडी रूळ बदलू शकत नाही. फलाटांवर बटण दाबले की तापणारे दिवे असतात. गल्लीबोळात मात्र लोकांचाच रिवाज चालतो. ज्याने फावड्याने खणून गाडीपुरती जागा मोकळी केली, तो तिथे जुनी खुर्ची ठेवून जातो आणि ती जागा त्याची मानली जाते.

या कामात कसूर झाली तर सत्ता जाते. जानेवारी 1979 च्या हिमवादळानंतर रस्ते आणि गाड्या दिवसचे दिवस अडल्या. पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणुकीत मतदारांनी महापौर मायकेल बिलँडिक यांना घरी बसवले आणि जेन बर्न शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

उन्हातही लोखंड त्रास देते. अकोला-पूर्णा मार्ग हिंगोलीवरून जातो. वैशाखात रूळ हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापतो, फुगतो आणि वाकण्याचा धोका असतो, म्हणून गँगमन भर दुपारी गस्त घालतात. रूळ तापला की रेल्वेचे नियम जागे होतात. बसथांब्यावर उभा माणूस तापला तर कोणाचा नियम जागा होतो, याचे उत्तर मिळत नाही. उन्हाळ्यात बसथांब्याला छत नाही म्हणून मराठवाड्यात कोणी नगराध्यक्ष पडल्याचे ऐकिवात नाही.

कायद्याचा अर्धा डोळा

दोन्हीकडच्या जगण्यातला खरा फरक इथे आहे. शिकागोत भाड्याचे घर उबदार ठेवणे ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. 15 सप्टेंबर ते 1 जून या काळात घरात दिवसा किमान 68 अंश फॅरनहाइट, म्हणजे 20 सेल्सियस, आणि रात्री 66 फॅरनहाइट राखावे लागते. न राखल्यास दररोज दंड. पारा शून्याखाली जाणार असेल तर थकबाकी असली तरी घर तापवणारी वीज वा गॅस तोडता येत नाही. म्हणजे ऊब हा तिथे भाडेकरूचा हक्क आहे.

पण या कायद्याला एकच ऋतू दिसत होता. जुलै 1995 च्या उकाड्याच्या लाटेत शिकागोत नेहमीपेक्षा 739 माणसे जास्त मेली. बहुतेक वृद्ध, गरीब आणि एकटी. वरच्या मजल्यावरच्या खोल्या तापल्या होत्या आणि चोरीच्या भीतीने खिडक्या बंद होत्या. शवागारात जागा पुरेना म्हणून शीतपेटीचे ट्रक उभे करावे लागले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी या लाटेचा अभ्यास करून 2002 मध्ये पुस्तक लिहिले. शेजारी असलेल्या आणि सारख्याच गरीब वस्त्यांतही मृत्यूचे प्रमाण वेगळे होते. जिथे रस्ते गजबजलेले आणि दुकाने उघडी होती तिथे म्हातारी माणसे बाहेर पडली आणि वाचली. ओसाड वस्तीत ती दारामागे मेली. मे 2022 मध्ये पुन्हा तेच झाले. अवेळी उकाडा आला, वृद्धांच्या एका इमारतीत तापवण्याची यंत्रणा अजून चालूच होती आणि तीन वृद्ध महिला मृतावस्थेत सापडल्या. पुढच्याच महिन्यात शहराने मोठ्या आणि वृद्धांसाठीच्या इमारतींत थंडाव्याची जागा ठेवणे बंधनकारक केले.

भारतातही जाग आली ती मृत्यू मोजल्यावरच. मे 2010 मध्ये अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. त्यातून 2013 मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा तयार झाला. रंगांचे इशारे, डॉक्टरांचे प्रशिक्षण, पाणपोया आणि पुढे छतांना पांढरा रंग, असे त्याचे स्वरूप. नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला. आराखडा आणि कायदा यांत मात्र फरक आहे. आराखडा मोडला तर कोणाला दंड होत नाही.

सावली कायद्यात लिहिली गेल्याचे एक उदाहरण मराठी माणसाच्या ओळखीचे आहे, ते रोजगार हमीचे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने हाताला काम देणारी योजना राबवली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा 1977 मध्ये कायदा झाला आणि केंद्राने 2005 मध्ये त्याच वाटेने देशाचा कायदा केला. त्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, विसाव्याला आणि मुलांसाठी सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, असे स्पष्ट लिहिले गेले. मराठवाड्याच्या मजुराने सावली हक्काने मागावी अशी ती सोय होती.

निष्कर्ष

थंडीचे शहर श्रीमंत आहे आणि उन्हाचे गाव गरीब, एवढ्यावर हा फरक संपत नाही. बर्फ सगळ्यांची वाट एकदम अडवतो, म्हणून तो सार्वजनिक प्रश्न होतो. ऊन ज्याच्या डोक्यावर छत नाही त्यालाच आधी मारते, म्हणून ते खासगी दुखणे राहते. शिकागोला उकाड्याचा धडा 739 जीव गेल्यावर मिळाला. मराठवाड्याला ऊन ठाऊक आहे, त्यावरचे तोडगेही ठाऊक आहेत. कमी आहे ती जबाबदारी ठरवण्याची. एप्रिल-मेमध्ये रोजंदारीची वेळ सकाळ-संध्याकाळ धरणे, बसथांब्यावर छत आणि पाणी, घरकुलाच्या स्लॅबवर चुन्याचा हात, पत्र्याखाली राहणाऱ्या एकट्या म्हाताऱ्यांची यादी आणि आरोग्य केंद्रात मीठ-साखरेच्या पाकिटांबरोबर बर्फ, ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहेत. शिकागो मीठ साठवते ते हिवाळ्याआधी. हिंगोली जिल्ह्यातल्या गावांनीही उन्हाळ्याचा विषय 26 जानेवारीच्या ग्रामसभेत घ्यावा आणि कोणते काम कोणी करायचे ते ठरावात नावानिशी लिहून घ्यावे.